सापळा नावाची पेठ

प्लोवदिवच्या टेकड्या सात म्हणतात.
मोजल्या तर सहाच भरतात.
सातवी कुठं, विचारलं
तर स्तामेन बुटाची टाच आपटतो फरशीवर.
ही काय.
फोडून रस्त्यात अंथरली आमच्या आज्या-पणज्यांनी.
तिच्यावरूनच रोज दूध आणायला जातो.

त्याच्या माळ्यावर महिनाभर राहतो आहे मी.
पेठेचं नाव कापाना, म्हणजे सापळा.
पूर्वी म्हणे गिऱ्हाईक आत शिरलं
की काही घेतल्याशिवाय
त्याला बाहेरची वाट सापडत नसे.
लोहार आळी, सोनार आळी,
जाड लोकरीचे डगले शिवणाऱ्यांची आळी.
पाट्या आहेत अजून.
लोहार आळीत एकच हातोडा वाजतो आता,
तोही नेदाचा.
मोडक्या सायकली तोडून ती बगळे करते,
पोट नसलेले.
कुणी घेतं का विकत?
ती मान आडवी हलवते.
मला वाईट वाटतं, आणि मग आठवतं,
इथं आडवी म्हणजे हो.

चार दिवस झाले, नेदा शिडीवर आहे.
मागच्या बोळातल्या भिंतीवर
मारित्सा नदीतला मासा चढतो आहे,
तीन मजली, निळा.
खाली खुर्ची टाकून ब्लागोवेस्ता,
वय एक्याऐंशी,
मांडीवर वाटाण्याच्या शेंगा, नजर ब्रशवर.
भिंतीच्या डाव्या अंगाला
पोपडे सुटलेल्या गिलाव्यातून
वर आली आहेत तपकिरी अक्षरं.
बापाच्या हातची.
तो खोगिरं करायचा.
दुकान सरकारजमा झालं तेव्हा अक्षरांवर चुना मारला,
मग आणखी एकदा,
मग आणखी.
चुना थकला.

निळा थेंब पडला त्यांच्यावर
तर शिडी ओढीन,
हे तिनं पहिल्याच दिवशी सांगून ठेवलेलं.

नेदा पेच घेऊन खाली उतरते.
आजी, माशाचं पोट नेमकं तिथंच येतंय.
सोडलं मोकळं
तर वाटेल, माशानं दुकान गिळलं.

ब्लागोवेस्ता शेंग सोलते, दाणे भांड्यात सोडते.
गिळलंच होतं, म्हणते.
मासा नव्हता, एवढंच.

मला ती लिपी वाचता येत नाही.
काय लिहिलंय, मी विचारतो.
ती उठते, हवेत बोट फिरवते
एकेका अक्षरामागून,
पहिलीच्या पोराला शिकवावं तसं:
द्यु. क्यान.

दुकान.

मी तिथंच उभा.
कुठल्या तांड्यासोबत, कुठल्या उंटावर
निघाला असेल हा शब्द,
कुठल्या फाट्यावर दोन झाला,
एक माझ्या आईच्या तोंडी
एक हिच्या बापाच्या भिंतीवर.
कोपऱ्यावरच्या पाण्याच्या धारेला ते चेशमा म्हणतात.
मी माझा चष्मा काढून पुसतो,
उगाच.

माशाचा फोटो काढायला लोक येऊ लागलेत.
शेजारी कॉफीचं दुकान निघालं,
त्याच्या शेजारी दुसरं.
भिंतीला रंग चढला की भाड्यालाही चढतो.
नेदाला घरमालकाची चिठ्ठी आली,
सप्टेंबरपासून दुप्पट.
स्तामेन सिरेने चीजचा तुकडा
सुरीच्या टोकावर धरून समजावतो मला,
सापळ्यात उंदीर वेगळा, आमिष वेगळं.
आम्ही हे.
आणि खाऊन टाकतो.

बगळे आधी गेले, टेम्पोतून,
माना बाहेर काढून.
नदीपलीकडे तंबाखूची जुनी गोदामं आहेत
तिकडे, सध्या.
परत येशील का इकडे?
नेदा मान हलवते,
पण डोक्यावर डबा आहे, हातात शिडी,
उभी हलली की आडवी
मला नीट दिसलं नाही.

उरलेला निळा तिनं म्हातारीला दिला.
तळाशी दोन बोटं असेल.
ब्लागोवेस्ता तेवढ्यात आपली खुर्ची रंगवते आहे,
एक पाय राहिलाय,
आणि मला म्हणते,
नुसता बघतोस काय,
डबा तिरका धर.